बिनआकड्याची बाटली

आमच्या कारखान्यात पाण्याचे मोठे जार बनायचे. कचेऱ्यांमध्ये थंड पाण्याच्या यंत्रावर उलटे बसवतात ना, तेच, काचेसारखे पारदर्शक. मी पॅकिंगला होते आणि माझे धाकटे दीर मशीनवर. माझा नवरा ट्रक चालवतो, महिन्यातले आठ दिवस घरी असला तर नशीब. त्यामुळे माझी सात महिन्यांची पिटुकली कारखान्याच्या पाळणाघरात असायची. गोदामाला लागून दोन खोल्या, अकरा पोरं आणि एक मावशी.

मावशी कुणाच्याही सख्ख्या मावशी नव्हत्या. पण त्यांना दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. बावीस वर्षं प्रसूतिगृहात आया म्हणून काढलेली बाई. अंगाने काटकुळी, आवाज मात्र असा की आमच्या मशीनच्या घरघरीवरून ऐकू यावा. एक पोर मांडीवर, एक खांद्यावर आणि तिसऱ्याचा पाळणा पायाच्या अंगठ्याने हलतोय, असा त्यांचा दिवसभराचा थाट.

एका सोमवारी दुपारच्या सुटीत आमचे मॅनेजर खोका घेऊन पाळणाघरात आले. आम्ही त्यांना हसरे साहेब म्हणायचो, कारण ते माणसाला कामावरून काढतानाही हसत असत.

"कंपनीने आता बाळांच्या बाटल्या काढल्यात," ते म्हणाले. "पहिला मान आपल्या घरच्या बाळांचा!"

आम्ही आयांनी टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच जोरात, कारण त्या बाटल्यांवरची लेबलं मीच चिकटवली होती. गुबगुबीत बाळाचं चित्र आणि खाली तीन ओळी : बाळासाठी सुरक्षित. पॉलिप्रॉपिलीन. बीपीए-मुक्त. आता बीपीए म्हणजे काय ते मला कुठे ठाऊक? मुक्त आहे म्हणजे चांगलंच असणार, एवढंच मला कळायचं. बाटल्या होत्याही देखण्या. लख्ख, कडक, नखाने वाजवल्या तर टण्ण वाजणाऱ्या. आमच्या घरून आणलेल्या जुन्या दुधाळ रंगाच्या बाटल्या त्यांच्यापुढे अगदीच गबाळ्या दिसत होत्या. हसरे साहेबांनी त्या तिथल्या तिथे गोळा करून नेल्या. "सगळं एकसारखं दिसायला हवं, घरून बाटली आणायची नाही," म्हणाले.

मावशींनी एक नवी बाटली उचलली, उजेडात धरली आणि उलटी केली.

"आकडा कुठाय?"

"कसला आकडा?" साहेब हसले.

"तळाला त्रिकोणात असतो तो. कुठलं प्लास्टिक आहे ते कळतं त्याने."

"मावशी, लेबलवर सगळं लिहिलंय की."

"लेबल काय, कुणीही चिकटवतं," मावशी म्हणाल्या. मला ते चांगलंच झोंबलं. "असल्या लख्ख बाटल्या आमच्या प्रसूतिगृहात होत्या पूर्वी. मग एक दिवस वरून हुकूम आला आणि सगळ्या टाकून दिल्या. ह्या कशाच्या आहेत ते लिहून द्या, मग मी पोरांच्या तोंडाला लावीन."

"लिहून देऊ, देऊ," असं म्हणत साहेब हसतच गेले. लिहून काही आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी अकराही पोरांना स्टीलच्या वाटीने आणि चमच्याने दूध पाजायला सुरुवात केली. आता ज्याने कधी तान्ह्या पोराला चमच्याने दूध पाजलंय, त्यालाच कळेल मी काय सांगतेय ते. एक चमचा आत, अर्धा हनुवटीवरून खाली. एकाचं होईतो दुसरं टाहो फोडणार. दुपारी दूध पाजायला आम्हाला अर्धा तास सुटी मिळायची. तेव्हा गेलं की पिटुकलीचं झबलं दुधाने चिकट, डोळे रडून सुजलेले. आठवडा झाल्यावर माझा पारा चढला.

"मावशी, तुमच्या हट्टापायी आमच्या पोरी उपाशी राहतात! एवढ्या सुंदर बाटल्या धूळ खात पडल्यात, आणि तुम्ही काय वाटी-चमच्याचा खेळ मांडलाय?"

बाकीच्या बायकांनीही री ओढली. एक तर म्हणाली, म्हातारीला फुकटची मिजास आहे. मावशींनी पिटुकलीच्या तोंडात चमचा धरला होता. तो त्यांनी आधी रिकामा केला.

"झालं बोलून? आता ऐक. तुझी लेक सकाळपासून दीडशे मिली प्यायलीय, मोजून. उपाशी कुणी नाही. वेळ माझा जातोय, हात माझा दुखतोय. तुझं काय जातंय?"

"सगळं जग बाटलीनेच पाजतं."

"पाजू दे. मी बाटलीच्या विरुद्ध नाही गं. ही बाटली कशाची आहे ते मला माहीत नाही, म्हणून ही पाजणार नाही."

मग त्यांनी खिडकीतल्या दोन बाटल्या माझ्या हातात दिल्या. दोन्ही नव्याच, आमच्याच खोक्यातल्या. एक तशीच लख्ख. दुसरी त्यांनी आठवडाभर रोज पाच-सहा वेळा उकळत्या पाण्यातून काढली होती. ती आतून धुरकट झाली होती, आणि कडेला केसाएवढ्या बारीक रेघांचं जाळं. मी त्यावर नख फिरवलं. खरबरीत लागलं.

"ह्यातून जे काय निघालं ना, ते पाण्यात गेलं," मावशी म्हणाल्या. "पाण्याच्या जागी दूध असतं तर दुधात गेलं असतं."

मी बाटली ठेवून दिली, पण मान्य काही केलं नाही. माणसाचा हेका सहजासहजी सुटत नाही. संध्याकाळी घरी मात्र दिरांना विचारलं.

"भाऊजी, त्या बाटल्यांचा माल कुठून येतो हो?"

ते पिटुकलीला पोटावर बसवून खेळवत होते. हात तसेच थांबले.

"तुम्हाला कुणी काय सांगितलं?"

"कुणी नाही. मी विचारतेय."

"वहिनी, नका विचारू. माझी नोकरी अजून कच्ची आहे."

एवढ्यावरच मला कळायचं ते कळलं. पण मी सोडलं नाही. पिटुकलीला त्यांच्या पोटावरून उचललं आणि म्हटलं, "हिच्या तोंडात ती बाटली घालू का, एवढंच सांगा. हो किंवा नाही."

ते उठले आणि स्वयंपाकघरातून पाण्याने भरलेलं पातेलं घेऊन आले. घरी पिटुकलीची एक जुनी बाटली राहिली होती, तिच्या कडेचा तुकडा त्यांनी सुरीने कापून पाण्यात टाकला. तो तरंगला. मग खिशातून मशीनखाली पडलेला नव्या बाटलीचा कपचा काढला आणि तोही टाकला. तो सरळ तळाला गेला.

"तुमच्या लेबलवर जे नाव आहे ना, पॉलिप्रॉपिलीन, ते पाण्यावर तरंगतं. नेहमी. हे बुडलं. हे जारच्या प्लास्टिकचे दाणे आहेत, वहिनी. जारची मागणी घटली, पोतीच्या पोती पडून आहेत. बाटलीसाठी वेगळे दुधाळ दाणे मागवायला हवे होते, ते मागवलेच नाहीत."

"आणि बीपीए?"

"ते ह्याच दाण्यांत असतं."

पाचशेच्या वर लेबलं मी या हातांनी चिकटवली होती. वाकडी लागू नयेत म्हणून पट्टी लावून चिकटवली होती!

दोन दिवसांनी पिटुकलीला लस होती. लहान मुलांच्या डॉक्टरबाईंना मी सगळं विचारून घेतलं. त्यांनी घाबरवलं नाही, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, प्लास्टिक दिसलं की विष म्हणून ओरडू नका. योग्य प्लास्टिकची बाटली, नीट वापरली तर चालते. तिच्यात उकळतं दूध ओतायचं नाही, कढत असताना हलवायची नाही, चरे पडले की टाकून द्यायची. काच आणि स्टील त्याहून बरं. "पण ही जारच्या प्लास्टिकची बाटली बाळांसाठी नको," त्या म्हणाल्या. "गरम केलं की त्यातलं बीपीए हे रसायन थोडं थोडं दुधात उतरतं. ते शरीरातल्या हार्मोनसारखं वागतं. मोठ्या माणसाच्या मानाने बाळ केवढंसं, आणि दिवसातून सहा वेळा तेच पोटात. कितीने किती बिघडतं यावर वाद आहेत, पण नको म्हणायला तेवढं पुरे. बऱ्याच देशांनी ती बंदच केलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींसमोर उभी राहिले. माफी कशी मागायची ते मला कधीच नीट जमलेलं नाही.

"चमचा द्या," मी म्हटलं. "दुपारच्या सुटीत मी तिघांना पाजत जाईन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चमच्याबरोबर एक रडतं पोरही हातात ठेवलं. पाजता पाजता मी पातेल्याची हकीकत सांगितली. आठ दिवसांत ती एकीकडून दुसरीकडे करत अकराही आयांपर्यंत गेली. दिरांचं नाव मी कुणालाही सांगितलं नाही.

मग पाहुण्या बाई येणार असल्याची बातमी आली. दुकानांच्या एका मोठ्या साखळीसाठी त्या माल निवडायच्या. त्यांनी होकार दिला की बाटल्या शेकडो दुकानांत जाणार. हसरे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुझी मुलगी फोटोत छान दिसेल. गुटगुटीत आहे, कुणाकडेही बघून हसते. पाहुण्या आल्या की तिला मांडीवर घेऊन बस आणि बाटली दे. एवढंच काम. आणि मावशींना त्या दिवशी सुटी."

"बरं," मी म्हटलं. नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरी कुणी बसवली असती.

त्या दिवशी पाळणाघरात फुगे बांधले होते. सुटी दिलेली असूनही मावशी आल्याच होत्या. "माझी अकरा पोरं इथे आहेत, मी घरी बसून काय करू?" असं दारातल्या माणसाला सुनावून त्या आत शिरल्या. पाहुण्या बाई शांत होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. फोटोवाला सज्ज झाला. मी खुर्चीवर, मांडीवर पिटुकली, हातात दुधाने भरलेली बाटली. साहेब म्हणाले, "हं, लाव तोंडाला."

पिटुकलीने दोन्ही हात पुढे केले. तिला काय कळतंय! मी बाटली वर धरली, तिच्या हाताला लागणार नाही इतकी वर.

"नाही लावणार."

"काय?"

"बाई," मी पाहुण्यांकडे वळले, "ह्यावरची लेबलं मी चिकटवते. त्यावर लिहिलंय ते खोटं आहे."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. साहेब हसले, पण या वेळी नुसते दात दिसले. "नवी आहे, घाबरलीय," ते म्हणाले. "मावशींनी काहीतरी भरवून दिलंय डोक्यात."

"मी फक्त दूध भरवते," मावशी म्हणाल्या. "साहेब, एक काम करा. बाटली चांगली आहे ना? मग पाण्यात टाकू या."

पोरांच्या अंघोळीचा टब त्यांनी सगळ्यांसमोर आणून ठेवला. आम्ही दोघींनी आदल्या दिवशी तुकडे कापून ठेवले होते. जुन्या बाटलीचा तरंगला, नव्या बाटलीचा बुडाला. साहेब म्हणाले हा पोरखेळ आहे. तेव्हा मी खोक्यातली नवी बाटली काढली, झाकण आणि बूच बाजूला केलं आणि आख्खी पाण्यात आडवी धरली. आतली हवा बुडबुडत निघून गेली आणि बाटली खाली जाऊन बसली. लेबलवरचं गुबगुबीत बाळ तळातून आमच्याकडे बघत होतं.

"लेबलवर जे प्लास्टिक लिहिलंय, ते तरंगतं," मी म्हटलं. "हे तरंगत नाही. मग हे कुठलं?"

पाहुण्या बाईंनी बाही वर करून टबात हात घातला, बाटली काढली आणि उलटी करून तळ पाहिला. "आकडा का नाही?" त्यांनी साहेबांना विचारलं. "एका टबावरून मी काही ठरवत नाही," असं म्हणत त्यांनी खोक्यातून सहा बाटल्या उचलून पिशवीत टाकल्या. "ह्या मी प्रयोगशाळेत तपासून घेते."

गाडी फाटकाबाहेर पडली आणि तासाभरात मावशींना निरोप आला, उद्यापासून येऊ नका. मला लेखी नोटीस मिळाली : कंपनीची बदनामी. घरी गेले तर दीर आधीच जेवायला बसले होते. मला वाटलं चिडलेत. जेवताना म्हणाले, "वहिनी, मला विचारलं तर मी खरं सांगणार. कच्ची नोकरी गेली तर गेली."

दुसऱ्या दिवशी पाळणाघराला कुलूप होतं. आम्ही अकरा जणी अकरा पोरं घेऊन फाटकाशी. कुणी घोषणा दिल्या नाहीत, दगड मारले नाहीत. पोरांना ठेवायला जागा नव्हती, म्हणून पोरांसकट आत गेलो आणि मशीनशेजारी आपापल्या जागेवर उभ्या राहिलो. माझ्या टेबलावर पिटुकली बसली आणि पहिल्या दहा मिनिटांत लेबलांच्या आख्ख्या रिळावर मुतली. पलीकडच्या टेबलावरचं एक पोर खोक्यात बसून थर्माकोल खाऊ पाहत होतं. सुपरवायझर डोक्याला हात लावून फिरत होता. मशीनच्या खात्यात लहान मूल असलं तर मशीन चालवायचं नाही, हा कंपनीचाच नियम भिंतीवर ठळक अक्षरांत लावलेला होता. दिरांनी तो मोठ्याने वाचला आणि बटण बंद केलं. एकामागून एक सगळीच मशीनं थांबली. त्या इमारतीत पहिल्यांदाच मला पाखरांचा आवाज ऐकू आला.

दुपारी मालक स्वतः आले. मावशींना घरून बोलावलं. आम्ही केबिनच्या काचेला नाकं लावून उभ्या. मालकांनी कागद पुढे सरकवला. बाटल्यांबाबत मावशींचा गैरसमज झाला होता, असं त्यावर लिहिलं होतं. सही केली की आजपासून पाळणाघर चालू.

मावशींनी कागद दोनदा वाचला. "शुद्धलेखन चांगलंय," त्या म्हणाल्या. "पण गैरसमज माझा झालेला नाही. सही नाही करणार."

"मग पाळणाघर बंद राहील."

"राहू दे. अकरा पोरं माझ्या घरी मावतील. तुमची मशीनं कुठे ठेवायची ते तुम्ही बघा."

त्या खरोखरच उठून चालायला लागल्या. मालकांनी त्यांना दारापर्यंत जाऊ दिलं, मग हाक मारली. सहीशिवाय पाळणाघर उघडलं. माझी नोटीस मात्र तशीच राहिली.

तीन आठवड्यांनी पाहुण्या बाईंचं पत्र आलं. प्रयोगशाळेचा अहवाल सोबत होता आणि दिरांनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर त्यात होतं. बाटल्यांना नकार. मालकांनी तयार बाटल्या दळून टाकायला सांगितल्या आणि दळायच्या यंत्रावर मुद्दाम दिरांनाच बसवलं, कानठळ्या बसवणाऱ्या त्या कोंदट खोलीत. मला पॅकिंगवरून काढून माल चढवायला लावलं. हसरे साहेब दुसऱ्या शाखेत गेले, बढतीवर. पाळणाघरात तळाला आकडा असलेल्या बाटल्या आल्या. त्यासुद्धा मावशींनी एकेक उलटी करून बघितल्या. माफी कुणी मागितली नाही. आम्ही वाटही पाहिली नाही.

पण एक गोष्ट मला माल चढवताना कळली. त्या बाटल्यांचे दोन खोके पाहुण्या बाई येण्याआधीच गावातल्या किरकोळ दुकानांत गेले होते. कागदावर दुकानांची नावं होती. खोके परत मागवायचं कुणाच्या मनात नव्हतं. "थोडक्याच तर आहेत," सुपरवायझर म्हणाला.

सुटीच्या दिवशी आम्ही सात जणी निघालो, पोरं कडेवर. पहिल्याच दुकानात बाटल्या उलट्या करून बघायला लागलो, तर दुकानदाराने हटकलं, "तुम्ही कोण तपासणार?"

"आम्ही ह्या बनवल्यात," मी म्हटलं. "आणि आमच्या पोरांना देत नाही. आता तुम्ही ठरवा."

त्याने सगळ्या बाटल्या काढून दिल्या. दुसऱ्याने आम्हाला बाहेर काढलं. आम्ही त्याच्या पायरीवर पोरांना घेऊन बसलो आणि येणाऱ्या प्रत्येक आईला बाटली उलटी करून बघायला सांगितलं. दुपारपर्यंत त्यानेही काढून दिल्या. एक तरुण बाप नुकतीच घेतलेली बाटली हातात धरून आमच्यावरच खेकसला, मला शहाणपण शिकवू नका. आणि गेला. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला, पिटुकलीकडे बघत बाटली पायरीवर ठेवली आणि निघून गेला.

सोमवारी नव्या मॅनेजरने मला बोलावलं. तक्रार आली होती.

"सुटीच्या दिवशी दुकानांत जाऊन काय करत होतीस?"

"बाटल्या परत आणत होते. चार दुकानं झाली, पाच राहिलीत."

"हे बंद करायचं. समजलं?"

"समजलं, साहेब," मी म्हटलं. "पण बंद नाही करणार."

पुढच्या सुटीला आम्ही नऊ जणी होतो, आणि सगळ्यांत पुढे मावशी.